दीड इंच माया

शाल्मली म्हणाली, बाबा, त्या लोकांचं नावच माया.
मी सुईत दोरा ओवत होतो. म्हटलं,
चांगलं आहे नाव. शिंप्याला कळेल असं.

चार वर्षं ती तिकडच्या जंगलात
एक मोडकं शहर मोजते आहे.
फोटो पाठवते: झाडांच्या वर डोकं काढलेला दगडी जिना,
वरच्या पायरीवर ती, टोपीत, घामेजलेली.
मी सदरा बघायचो.
खांदा उतरलेला, काखेत उसवलेला.
कुणी शिवला गं हा?
रेडीमेड आहे, बाबा.
म्हणजे आत माया नाही. उसवला की टाकायचा.

सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, तुम्हाला नेईन तिथं एकदा.
मग माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं
आणि रविवारी कान्हेरीला घेऊन गेली.

बोरिवलीत एकेचाळीस वर्षं दुकान,
आणि कान्हेरी पाहिलेली एकदाच, लग्नानंतर.
माकडाने हिच्या आईची चप्पल पळवली
आणि ती एका चपलेवर हसत हसत उतरली,
एवढीच माझी कान्हेरी.

शाल्मली टाक्याच्या काठावर ओणवी झाली.
ह्याला लेखात पोढी म्हटलंय, बाबा. पाण्याची पोढी.
कल्याणच्या कुणी दिलेली, सोपाऱ्याच्या कुणी दिलेली.
तिकडंही असंच. नदी नाही जवळ.
जमिनीत रांजणासारखं खोदायचे, आतून चुना लिंपायचे,
पाऊस धरून ठेवायचे.
मग यायचा बंद झाला.
एकदम?
नाही. आधी उशिरा, मग थोडा, मग एखादं वर्ष नाहीच.
मला वाटलं, गिऱ्हाइकाबद्दल बोलते आहे.

एका खोलीत दगडाचा ओटा होता, झोपायचा.
हात आपसूक खिशात गेला, टेप निघाली.
पाच फूट नऊ. रुंदी दोन, वर बोटभर.
बारीक अंगाचा माणूस, कुशीवर निजणारा.
ती हसायला लागली:
मी तिथं दिवसभर हेच तर करते!

पण दगडाला शिवण नसते.
कापला तो कापला. एक घाव जास्त पडला
तर ठिगळ लावायला जागा नाही.
कापणाऱ्याचा हात
पहिल्या घावाआधी किती वेळ हवेत थांबला असेल?
मी शालूच्या ब्लाउजपिसावर कात्री टेकवण्याआधी थांबतो, तेवढा?
की त्याला कुणी वर उभं राहून ओरडत होतं,
उद्या दे म्हणून?

वरच्या अंगाला एक लेणं अर्धवटच आहे.
खांब ठोकळ्यासारखे जाड, अंगावर तिरपे घाव.
पैसे संपले असतील, ती म्हणाली, नाहीतर दगड नासका निघाला.
मी खांबावर बोटं फिरवली.
छे गं. माया सोडली आहे.
पुढचा येईल, त्याच्या मापाने काढेल.
तिने वहीत काहीतरी लिहिलं. हे लिहिलं नसावं.

माथ्यावरून बोरिवली दिसते.
टॉवरला टॉवर चिकटलेला, वर क्रेनचे हात,
मधे सुई शिरणार नाही.
हे कोण मोजणार? मी विचारलं.
तिने बाटलीचं झाकण लावलं, म्हणाली,
चला, ऊन फार झालं.

बुधवारी रात्री जागून सदरा शिवला.
चार खिसे, दुहेरी टीप, काखेत चौबगला,
दोन्ही कुशींना दीड दीड इंच माया.
एवढी कशाला, बाबा? मी काय जाड होणार आहे?
म्हटलं, होशील, नाही होशील.
तिने सदरा उलटा केला
आणि शिवणीवरून बोट नेलं सावकाश,
पोढीच्या काठावरच्या अक्षरांवरून नेत होती तसं.
वाचलं की नाही, कळलं नाही.

शुक्रवारी दुकान उघडलं तर टेप जागेवर नाही.
मशीनखाली पाहिलं, खिसे पाहिले.
गिऱ्हाईक उभं होतं हात पसरून.
मी वितीने माप घेतलं.